कातळबंदरचं विमान

क्रेनच्या साखळीला लटकलेलं इंजिन पाण्याबाहेर आलं, तसे धक्क्यावर जमलेल्या माणसांनी हात जोडले. कुणीतरी नारळ आणि हार आणला होता. इंजिनातून चिखलाचं पाणी गळत होतं, आणि ते थांबायची वाट बघत हारवाला पुढे येऊन उभा राहिला होता.

मी रात्रभर एसटीत बसून पुण्याहून आलो होतो. पाठ धरली होती. मला वाटलं होतं, बार्जवरचे चार कामगार असतील, बंदर खात्याचा एखादा माणूस असेल, आणि मी. जुन्या लोखंडाला कुणी हार घालील असं काही डोक्यात नव्हतं.

"हे काय चाललंय?" मी शेजारी उभ्या असलेल्या होडेकरला विचारलं. इब्राहीम होडेकर हा पाणबुड्या. बुडालेलं जहाज कापून काढायचं कंत्राट ज्या कंपनीकडे होतं, तिच्यात तो कामाला होता, आणि जहाजाच्या पोटात विमान आहे हे पहिल्यांदा त्यानेच पाहिलं होतं.

"काकींसाठी करतायत, साहेब," तो म्हणाला आणि मानेने त्याने पलीकडे दाखवलं.

बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत एक प्लास्टिकची खुर्ची टाकली होती. तिच्यात एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. अंगावर फिकी निळी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. सगळ्या धक्क्यावर हात न जोडलेल्या त्या एकट्या होत्या.

"कोण आहेत?"

"शेवंताकाकी. खानविलकरांच्या. त्यांचे यजमान होते ना ह्या विमानात."

मी खांद्यावरची पिशवी तेवढी खाली ठेवली.

ही गोष्ट शहाण्णव सालच्या डिसेंबरातली. त्याआधी दोन वर्षं मी हवाई दलातून निवृत्त झालो होतो. नोकरीतली बरीचशी वर्षं मी अपघातांच्या चौकशीत घालवली. पडलेल्या विमानाचे तुकडे गोळा करायचे, ते ओळीने मांडायचे, काय बिघडलं ते शोधायचं. ते काम मला जमायचं. त्यानंतरचं जमायचं नाही. त्यानंतर वैमानिकाच्या घरी जायचं असे. नियमाप्रमाणे ते माझं काम नव्हतं, पण घरची माणसं विचारायची, आणि ज्याला माहीत आहे त्यानेच जावं असं वरिष्ठांना वाटायचं. साताऱ्यात एका वडिलांनी माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं, मला सोडायला दारापर्यंत आले, आणि मलाच विचारलं, स्टँडला कुठून जायचं. त्यांचा जन्म त्या गावात गेला होता.

म्हणून जेव्हा जुन्या ऑफिसातून फोन आला, की कोकणात एका बंदराच्या तोंडाशी महायुद्धातलं मालवाहू जहाज कापताहेत, त्यात विमान सापडलंय, जुन्या विमानांतलं तुम्हाला कळतं तर जाऊन ओळखून द्याल का, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ज्याची कुणी वाट बघत नाही असं एखादं विमान मला आयुष्यात एकदा तपासायचं होतं.

इंजिन धक्क्यावर टेकलं. हार घालून झाला. मग पांढरी सफारी घातलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. पन्नाशीचे, अंगाने भरलेले, आवाज मऊ. जयवंतराव खानविलकर. शेवंताकाकींचे पुतणे. आंब्याच्या रसाचा कारखाना, जिल्हा परिषदेत सदस्य.

"कर्णिकसाहेब ना? या. तुमची उतरायची सोय आमच्याकडेच केली आहे. इथं लॉज नाही."

"हे तुमच्या काकांचं विमान आहे, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सगळं गाव सांगतं. त्रेचाळीस सालच्या भाद्रपदात काका बंगळूरहून मुंबईला विमान घेऊन निघाले. एकटेच होते. वाटेत हवा बिघडली. विमान मुंबईला पोचलं नाही, मागेही गेलं नाही. आणि त्याच पावसात हे जहाज ह्या खडकावर बसलं. इथल्या जुन्या लोकांनी ढगात विमानाचा आवाज ऐकलेला आहे. आता त्याच जहाजात विमान सापडलंय. दुसरं कुणाचं असणार?"

"पण जहाजाच्या पोटात?"

"वरून पडलं, डेक फोडून आत गेलं. डेक राहिलाय कुठे? सगळा खाली बसलाय. काका हरिकेन उडवायचे. हे हरिकेन आहे का, एवढंच तुम्ही सांगायचं."

मासळीच्या लिलावाची एक रिकामी शेड मला दिली होती. तिथे इंजिन ओढून आणलं. दुपारभर मी रॉकेल आणि ब्रश घेऊन बसलो. शिंपले खरवडले. गाळात रुतून राहिल्यामुळे बरंच काही टिकलं होतं. इंजिनाच्या मागे विमानाच्या सांगाड्याच्या पोलादी नळ्या अजून जोडलेल्या होत्या, त्यांच्या जोडण्या पाहिल्यावर शंकेला जागा नव्हती. हरिकेनच.

जयवंतराव शेडच्या दारात उभे होते. मी मान हलवली. ते बाहेर गेले आणि लोकांना सांगितलं. बाहेर जरा आवाज वाढला, मग सगळे हळूहळू पांगले.

मी काम चालू ठेवलं. इंजिनाच्या दोन्ही अंगांना, जिथून धूर बाहेर पडतो, तिथे नळ्या असायला हव्या होत्या. पडताना त्या तुटल्या असतील असं मी धरून चाललो होतो. चिखल निघाला तेव्हा दिसलं, नळ्या तुटलेल्या नव्हत्या. त्या बसवलेल्याच नव्हत्या. प्रत्येक भोकावर एक पत्रा बोल्टांनी आवळून बसवला होता. त्यातला एक बोल्ट मी तेल सोडून सोडून ढिला केला. पत्र्याच्या आत जाड ग्रीस होतं, घट्ट झालेलं, पण जागच्या जागी.

मग मी समोर आलो. जिथे पंखा असतो तिथे पंख्याचा तुकडासुद्धा नव्हता. दांड्यावर एक टोपी चढवली होती, तिच्याही आत ग्रीस.

मी उकिडवा बसलो होतो तो तसाच मागे भिंतीला टेकलो. धूर जायला वाट नाही, पुढे पंखा नाही. हे इंजिन चालत असताना पडलेलं नव्हतं. ते बोटीतून पाठवण्यासाठी बांधलेलं होतं.

तरी खात्री हवी होती. होडेकर बार्जवरून उतरून आला तेव्हा मी त्याला विचारलं, "पंख पाहिलेस?"

"नाही साहेब. गाळ आहे तिथं. हाताने चाचपावं लागतं."

"उद्या बघशील? कुठे आहेत आणि कसे आहेत. आडवे पसरलेले, मोडलेले, की कसे."

"बघतो." त्याने इंजिनाकडे बघितलं. "काही लोचा आहे काय?"

"उद्या बघ. मग बोलू."

संध्याकाळी मी खानविलकरांच्या घरी गेलो. समुद्राच्या बाजूला, टेकाडावर नवं बांधलेलं घर होतं. जयवंतराव तालुक्याला गेले होते. शेवंताकाकींनी स्वतः चहा आणून ठेवला आणि ओट्यावर माझ्यासमोर बसल्या. त्यांना विचारायचं होतं ते त्यांनी लगेच विचारलं नाही. आधी माझं गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं, पाठीला काय झालं ते विचारलं.

मग म्हणाल्या, "वरून पडताना माणसाला कळतं का हो?"

हा प्रश्न मला फार घरांत विचारला गेलेला आहे. माझं एक ठरलेलं उत्तर होतं. ते मी दिलं नाही. म्हटलं, "कधी कळतं, कधी नाही."

त्यांनी मान डोलावली.

"लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं," त्या म्हणाल्या. "त्यातले ते घरी असायचे किती, तर सगळे मिळून दोन महिने. मी सतरा वर्षांची. तार आली तेव्हा इंग्रजी वाचणारं कुणी घरात नव्हतं. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवली. बेपत्ता, म्हणाले. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे काय? ते म्हणाले, म्हणजे अजून कळलेलं नाही, कळेल. सासूबाईंनी मला आत नेऊन स्वतःच्या हाताने कुंकू लावलं. म्हणाल्या, कळेपर्यंत हे पुसायचं नाही."

"आणि मग?"

"मग काय. कळलं नाही. कुणी म्हणे जपान्यांकडे गेले. कुणी म्हणे रंगूनला बघितले, दाढी वाढवलेले. माझे धाकटे दीर कलकत्त्यापर्यंत जाऊन आले. बारा वर्षं झाली तेव्हा भटजींनी सांगितलं, आता पुतळा करून क्रिया करा. सासूबाई म्हणाल्या, माझ्या घरात जिवंत माणसाला कुणी जाळायचं नाही. त्या गेल्या तेव्हा मी पन्नाशीला आले होते. त्यानंतर कुणी विषयच काढला नाही. मला हळदीकुंकवाला बोलावतात, आणि बायका ओटी भरताना एकमेकींकडे बघतात. सवाष्ण म्हणून जेवायला सांगतात, आणि मी नाही म्हटलं की त्यांना बरं वाटतं."

त्या हे तक्रार केल्यासारखं सांगत नव्हत्या. बोलून बोलून गुळगुळीत झालेल्या गोष्टीसारखं सांगत होत्या, आणि मधेच थांबून दम घेत होत्या.

"आता हे सापडलं," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवस झाले, जयवंता मला रोज धक्क्यावर घेऊन जातो. लोक हात जोडतात. मला काही वाटत नाही. वाटायला हवं ना?"

"दमलात तुम्ही."

"हो," त्या म्हणाल्या. "ते खरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी होडेकर पाण्यातून वर आला. बार्जच्या कडेवर बसून त्याने तोंडावरून पाणी निपटलं.

"दोन्ही पंख आहेत," तो म्हणाला. "एकाला एक लागून, कडेवर उभे. लाकडाच्या चौकटीत बसवलेत. फळ्या कुजल्यात, पण चौकट हाताला लागते. चौकट जहाजाच्या बाजूला पट्ट्यांनी बांधलीय. मोडलेलं काही नाही."

"बरं."

"म्हणजे हे पडलेलं नाही."

"नाही. हे सामान होतं. इंग्लंडातून खोक्यात भरून आलेलं. मुंबईला उतरवून जोडणार होते."

होडेकरने मुखवट्यातलं पाणी झटकलं. "काकींना कोण सांगणार?"

"मीच."

"माझी आई काकींच्या बरोबरीची," तो म्हणाला. "ती म्हणते, आम्हाला एवढं माहीत असतं की आपला माणूस कुठल्या कबरीत आहे." एवढं बोलून तो पुन्हा मुखवटा चढवायला लागला.

जयवंतरावांना मी शेडमध्ये बोलावून सगळं दाखवलं. पत्रे, टोपी, ग्रीस. पंख कसे आहेत ते सांगितलं. हुशार माणूस होता. माझं बोलणं संपायच्या आधीच त्यांना समजलं होतं.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"होडेकरला."

"तो बोलायचा नाही. साहेब, बसा जरा." एका उलट्या टोपलीवर ते स्वतः बसले. सफारीचा विचार केला नाही. "तुम्हाला वाटेल, ह्याला पुढच्या निवडणुकीसाठी स्मारक हवंय. हवंय. खोटं कशाला बोलू? पण त्यासाठी मी म्हणत नाही. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. मला काकीनं वाढवलं. माझ्या लग्नात देवकाला कुणाला बसवायचं ह्यावरून भांडण झालं होतं, कारण काकी धड सवाष्ण नाही आणि धड विधवा नाही. ती स्वतःच मागे सरली, माजघरात जाऊन बसली. मी बोहल्यावरून बघत होतो."

त्यांनी टोपली जरा पुढे ओढली.

"तिला मोकळं करायचंय मला. विमान काकांचं ठरलं, की क्रिया करता येते. आजीची अट पुरी होते. तुम्ही खोटं लिहू नका. तुम्ही एवढंच लिहा, की हे विमान फ्लाइंग ऑफिसर खानविलकरांचं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यात काय जातं तुमचं?"

हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. चौकशीचा शेवट कुणालाच नको असतो तेव्हा ते वापरतात. त्या वाक्याखाली मी अनेकदा सही करायचं नाकारलं होतं, आणि त्यापायी दोनदा बढती उशिरा मिळाली होती. पण तिथे ते वाक्य विमानं बनवणाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना वाचवण्यासाठी असे. इथे कुणाचंच नुकसान नव्हतं. वैमानिक गेलेला होता, जहाज ज्या कंपनीचं होतं ती कंपनीही राहिली नव्हती. एक म्हातारी बाई होती, आणि तिला एक होकार हवा होता. मी साठीचा झालो होतो. मला घरी जाऊन झोपायचं होतं.

"मला त्यांच्याशी बोलू द्या," मी म्हटलं.

"काय बोलणार?"

"माहीत नाही."

जयवंतरावांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले, सफारी झटकली. "मी घेऊन येतो तिला. पण साहेब, तिच्या चेहऱ्याकडे बघून बोला."

शेवंताकाकी शेडमध्ये आल्या. इंजिनाच्या इतक्या जवळ त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. होडेकरने खुर्ची आणून ठेवली, पण त्या बसल्या नाहीत. जयवंतराव दाराशी पाठ करून उभे राहिले.

त्या येईपर्यंत मी होकाराचं आणि नकाराचं, दोन्ही वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. त्यांनी इंजिनाकडे बघितलं, हार बघितला, आणि विचारलं, "ह्यांचं आहे?"

"नाही," मी म्हणालो.

जयवंतरावांचे खांदे खाली आले. ते वळले मात्र नाहीत.

"नाही?"

"नाही. हे विमान खोक्यात होतं. हे बघा, इथून धूर बाहेर पडतो. ही भोकं झाकलेली आहेत. विमान उडत असतं तर झाकलेली नसती. पुढे पंखा बसवलेला नाही. पंख वेगळे काढून शेजारी बांधून ठेवलेत. आपल्याकडच्या आकाशात हे एकदाही उडालेलं नाही. ह्यात कुणीच नव्हतं."

त्यांनी हात पुढे केला आणि एका पत्र्यावरून बोट फिरवलं. बोटाला ग्रीस लागलं. ते त्यांनी दुसऱ्या बोटाने चोळून बघितलं.

"मग त्यांचं कुठे आहे?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, की सांगायचं नाही? तुम्ही मिलिटरीवाले सांगत नाही."

"काकी, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी हवा वाईट होती, खाली समुद्र होता. विमानाची पाठ लाकडाची आणि कापडाची असायची. समुद्रात पडलं असेल तर आता त्याचं काही राहिलेलं नसेल. डोंगरात पडलं असतं तर एवढ्या वर्षांत कुणाच्या तरी दृष्टीला पडलं असतं. ते त्याच दिवशी गेले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कुठे आणि कसे, हे कधी कळणार नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

मग त्या खुर्चीत बसल्या. एकदम अंग टाकून दिल्यासारख्या बसल्या, म्हणून जयवंतराव धावत आले. त्यांनी हाताने त्यांना थांबवलं.

"मला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पोस्टमास्तर म्हणाले कळेल. मामंजी म्हणाले कळेल. कलेक्टरांच्या कचेरीत म्हणाले, लढाई संपली की कळेल. कलकत्त्याला दिरांना सांगितलं, लवकरच कळवू. परवा हा जयवंता म्हणाला, काकी, आता कळलं. कळणार नाही असं म्हणणारे तुम्ही पहिले."

त्यांचा आवाज वाढला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं.

"कळेल म्हटलं की माणसाला थांबावं लागतं हो," त्या म्हणाल्या. "पाहुणा येणार म्हटलं की चुलीवरचं खाली उतरवता येत नाही, तसं. कळणारच नाही, हे मला कुणीतरी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी चार दिवस रडले असते आणि उठले असते."

"काकी," जयवंतराव म्हणाले, "मी फक्त..."

"तू माझ्यासाठीच केलंस. ठाऊक आहे मला. आता गोखलेभटजींना निरोप धाड. परवा जमेल का विचार."

"कशाला?"

"क्रियेला. दुसरं कशाला?"

"पण विमान तर त्यांचं..."

"विमानाची क्रिया करायची आहे का?" त्या म्हणाल्या. "माणूस गेला. हे साहेब सांगतायत, त्याच दिवशी गेला. मलाही ते पहिल्या पावसाळ्यातच कळलं होतं. पुरावा सासूबाईंना पाहिजे होता, मला नाही. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली."

मी माझा अहवाल त्याच दुपारी शेडमध्ये बसून लिहिला. तो एका पानाचा झाला. दुसऱ्या दिवशी निघता आलं असतं. पण जयवंतराव रात्री माझ्या खोलीशी आले आणि म्हणाले, "काकी म्हणते, साहेबांना विचार, परवापर्यंत राहतील का. काकांच्या खात्याचं कुणीतरी असावं, म्हणते." मी राहिलो. चौकशी संपल्यावर मी मागे राहिलो, असं ते पहिलंच घर.

नदी समुद्राला मिळते तिथे क्रिया झाली. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा केला होता, डोक्याच्या जागी नारळ. भटजींनी नाव विचारलं. जयवंतराव सांगायला लागले, तोच काकींनी स्वतः सांगितलं, "माधव गणोजी खानविलकर." नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालेलं तिथल्या एकाही माणसाने आजवर ऐकलं नव्हतं. भटजींनी तेच नाव घेऊन पुढचं म्हटलं.

बायका सहसा तिथे येत नाहीत. काकी आल्या होत्या आणि त्यांना कुणी अडवलं नाही. होडेकर त्याच्या आईला घेऊन लांब वाळूवर उभा होता. पुतळा पटकन जळला. पानंच ती.

मला खरी भीती घरी गेल्यानंतरची वाटत होती. अंघोळी झाल्या. माजघरात नात्यातल्या बायका जमल्या. त्यांतली सगळ्यात वडील, काकींची चुलत नणंद, हातात ओला कपडा घेऊन पुढे आली. ती काय करणार ते सगळ्यांना माहीत होतं. मी ओट्यावर होतो, मला दारातून दिसत होतं. मी नजर वळवली.

"राहू दे, अक्का," काकींचा आवाज आला.

"अगं, पण रीत आहे."

"सासूबाईंनी लावलेलं आहे ते. त्यांचं मन राखलं मी इतकी वर्षं. आता माझं मी बघते. सत्तरीच्या बाईचं कपाळ पुसून कुणाचं भलं व्हायचंय? ते गेले, ते सांगून झालं. मी आहे ती आहे."

मग त्या नणंदेनं तो कपडा पिळला आणि दोरीवर वाळत टाकला. बहुतेक तिलाही हायसं वाटलं असावं.

शेजारून पिठलं-भात आला होता. पुरुषांची पानं मांडायला घेतली, तेव्हा काकी सुनेला, जयवंतरावांच्या बायकोला, म्हणाल्या, "मला पण आत्ताच वाढ गं." आणि त्या पंगतीत बसल्या, माझ्या शेजारी. खाली मान घालून भराभर जेवल्या. दोनदा भात घेतला. जेवता जेवता एकदाच माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "ते फार उंच नव्हते. फोटोत वाटतात तसे."

"हो का?"

"हो. माझ्याएवढेच."

हात धुऊन त्या आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळाने सून ओट्यावर आली आणि जयवंतरावांना हळूच म्हणाली, "काकी झोपल्यात."

"बरं नाही का?"

"बरं आहे. नुसत्या झोपल्यात."

जयवंतरावांनी अंगणातल्या मुलांना तिकडे आंब्याखाली जाऊन खेळायला सांगितलं. गडी लाकडं फोडत होता, त्यालाही थांबवलं. माझी दुपारची एसटी होती. पिशवी भरून तयार होती. मी ती पायाशी ठेवून बसून राहिलो. जयवंतरावही बसले. उन्हं ओट्यावरून खाली उतरली, धक्क्यावरचा दुपारचा भोंगा होऊन गेला, दिवेलागणीला सून ओट्यावरचा दिवा लावून गेली. तोपर्यंत त्यांना कुणी उठवलं नाही.